पडवीतल्या दोन जपानी: कावासाकी झेडझेडआर ११०० आणि होंडा ब्लॅकबर्ड

एप्रिलपासून माझ्या डिचोलीच्या घराच्या पडवीत दोन परक्या गाड्या उभ्या आहेत. एक कावासाकी झेडझेडआर ११००, १९९४ चं डी मॉडेल. ती साळगावच्या एका तारवट्याची. तो जहाजावर गेला की गाडी माझ्या गळ्यात. दुसरी होंडा सीबीआर ११०० एक्सएक्स, म्हणजे ब्लॅकबर्ड, २००० सालची, म्हापशाच्या एका डॉक्टरांची. डॉक्टरांच्या स्वतःच्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दोघांनी जाताना एकच सांगितलं: अधूनमधून फिरव, नाहीतर बसेल. मी मूळचा खाणीतलं खनिज वाहणाऱ्या बार्जवरचा फिटर. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून घरीच दुचाक्यांचं काम करतो. हजार सीसीवरच्या दोन गाड्या चालवून बघायला मिळतात म्हटल्यावर मी कशाला नको म्हणू?

ज्यांना या गाड्या ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. कावासाकी आली १९९० साली. १०५२ सीसी, १४७ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), आणि नाकात एक भोक. वेग वाढला की त्या भोकातून हवा दाबाने एअर बॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या पेटीत शिरते. पुढची पाच-सहा वर्षं हिला मागे टाकणारी गाडी शोरूममध्ये मिळत नव्हती. होंडाला ते झोंबलं. १९९६ मध्ये त्यांनी ११३७ सीसीची, १६४ पीएसची गाडी काढली आणि नाव दिलं अमेरिकेच्या एसआर-७१ या हेरगिरीच्या विमानाचं. तो मानही फार टिकला नाही, १९९९ ला सुझुकीची हायाबुसा आली. हे सगळं भांडण ताशी २८०-२९० किलोमीटरच्या वरचं. डिचोली-साखळी रस्त्यावर कुणी त्याचा निकाल लावायला गेला, तर वळणावर बसलेली म्हैस आधी त्याचा निकाल लावेल.

म्हणून मी माझी परीक्षा ठरवली. लागोपाठ दोन रविवार, पहाटे साडेपाचला निघून तोच रस्ता: साखळी, केरी, अंजुणे धरण डाव्या-उजव्या हाताला ठेवत चोर्ले घाट, जांबोटीला चहा आणि परत. येताना साखळीत पातळभाजी-पाव आणि एक मिरची. दोन्ही गाड्यांना टायर एकाच मापाचे, पुढे १२०/७०, मागे १८०/५५, दोघींचे चांगल्या स्थितीत. त्यामुळे टायरमुळे फरक पडला असं म्हणायला जागा नाही.

माझी उंची पाच फूट चार इंच. कावासाकीची सीट ७८० मिलिमीटरवर, होंडाची ८१० वर. तीन सेंटिमीटर म्हणजे काय ते केरीच्या चढावर पुढे ट्रक थांबला की समजतं. कावासाकीवर दोन्ही पाय सपाट टेकतात. होंडावर मी एका पायाच्या चवड्यावर, आणि सव्वादोनशे किलोचा जीव दुसऱ्या बाजूला कलायला लागलेला. खरं तर वजनाने कावासाकीच दहा किलो जास्त आहे, पण ते वजन खाली बसल्यासारखं वाटतं.

एकदा सुटली की मात्र होंडाचा हात कुणी धरू शकत नाही. इंजिनात थरथर मारणारे दोन बॅलन्सर शाफ्ट आहेत. आरशात मागचा रस्ता भिंतीवर लावलेल्या फोटोसारखा स्थिर दिसतो. चौथ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसवरून पीळ दिला तरी न खोकता उचलते. कावासाकीलाही बॅलन्सर आहे, पण एकच, आणि साडेचार हजार आरपीएमच्या आसपास हँडलमध्ये मुंग्या येतात. खाली ती जरा आळशी. सहा हजारांच्या वर मात्र जो आवाज काढते, तो ऐकून जांबोटीच्या चहावाल्याने विचारलं, "भाऊ, नवीन आली काय ही?" होंडाकडे त्याने मान वळवूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

ब्रेकवर जरा थांबतो, कारण ब्लॅकबर्डबद्दल अर्धे लोक तिच्या ब्रेकवरूनच नाकं मुरडतात. हिचे ब्रेक एकमेकांना जोडलेले. हँडलचा ब्रेक दाबला की पुढचा डावा कॅलिपर, म्हणजे डिस्क चिमटीत धरणारा भाग, चाकाबरोबर किंचित पुढे ओढला जातो, तो ब्रेक ऑईलवर दाब देणाऱ्या एका छोट्या मास्टर सिलिंडरला ढकलतो, आणि तिथून मागच्या चाकाला दाब जातो. पायाचा दाबला तर थोडा दाब पुढच्यालाही. प्रत्येक कॅलिपरमध्ये तीन पिस्टन. ब्रेक ऑईल बदलून हवा काढायची म्हणजे माझी अख्खी दुपार जाते, हवा सोडायच्या एवढ्या निपल. पहिल्या दिवशी मीही शिव्या घातल्या. मग जूनमध्ये पहिल्या पावसात केरीच्या खाली लाल मातीचा चिखल रस्त्यावर आलेला, त्यावर पानं, आणि समोरून कदंबाच्या एका सरकारी बसने वळण कापलं. मी घाबरून पायाने जोरात दाबलं. हे करायचं नसतं हे मला माहीत आहे. गाडी सरळ रेषेत बसली, मागचं चाक जागचं हललं नाही. कावासाकीवर तीच चूक केली असती तर हे लिहायला मी चतुर्थीनंतरच बसलो असतो.

इथवर वाचून वाटेल, होंडा जिंकली. थांबा.

कावासाकीला हवा-पेट्रोल मिसळणारे चार कार्ब्युरेटर. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गोव्याच्या पावसात हवेत पाण्याला काय तोटा! गाडी तीन आठवडे उभी राहिली, आणि चालू केली तर दोनच सिलिंडरवर धडधडायला लागली. टाकी उचलली, एअर बॉक्स काढला, चारी कार्ब्युरेटर एकत्र बाहेर ओढले. कार्ब्युरेटरच्या तळाची, पेट्रोल साठवणारी फ्लोटची पहिली वाटी उघडली तर तळाला पाण्याचा टपोरा थेंब, पाऱ्यासारखा इकडेतिकडे पळणारा, आणि पायलट जेटच्या, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशी हिरवट शेवाळासारखा थर. वास आंबलेल्या काजूच्या रसासारखा. जेट फुंकून, तांब्याच्या एका बारीक तारेने मोकळे केले, ओ-रिंग बदलल्या, संध्याकाळी सातला गाडी चार सिलिंडरवर. खर्च ओ-रिंगांचा आणि माझ्या कमरेचा. आता मी वाट्या रिकाम्या करूनच गाडी झाकून ठेवतो.

होंडाला १९९९ पासून कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आहे. ही कटकट नाही. बटण दाबा, चालू. म्हणूनच तिने मला म्हापशाच्या बाजारात, शुक्रवारी, ऐन गर्दीत दगा दिला तेव्हा मी गांगरलो. काही खोकणं नाही, वास नाही, इशारा नाही. सिग्नलला थांबलो, आणि पुन्हा सुरूच होईना. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी एका गॅरेजमध्ये नवी बॅटरी घालून घेतली होती. तिथल्या पोराने जुनी खराब झाल्याचं सांगून पैसे घेतले आणि चार्जिंग मोजलंच नाही. मी टेम्पोत घालून घरी आणली. नवी बॅटरी बाहेरून चार्ज करून गाडी चालू केली, मीटर लावला. पाच हजार आरपीएमला चौदाच्या आसपास व्होल्ट हवेत, तिथे १२.१. रेक्टिफायरचा, म्हणजे इंजिनावर तयार होणारी वीज बॅटरीला चालेल अशी करून देणाऱ्या भागाचा प्लग ओढून काढला तर प्लास्टिक चॉकलेटी होऊन वितळलेलं, एका पिनेभोवती पापुद्रा. त्या काळातल्या होंडांचा हा जुनाच रोग आहे. रेक्टिफायर बाहेरून मागवावा लागला, सतरा दिवस गेले. तुम्ही ब्लॅकबर्ड घेत असाल तर मालक इंजिनाचं कौतुक सांगत असताना आधी हा प्लग उघडून बघा. आणि डीच्या आधीची, जुनी सी मॉडेलची कावासाकी बघत असाल तर दुसऱ्या गिअरमध्ये चढावर जोरात ओढून बघा, गिअर सुटतो का.

बार्जवर वीस वर्षं काढल्यामुळे असेल, मला रोग नाकाला, कानाला कळणारं इंजिन बरं वाटतं. कावासाकी आजारी पडायच्या आधी आठवडाभर कुरकुरते. शिवाय तिच्या शेपटीखाली सामान बांधायचे दुमडणारे हूक आहेत. मे महिन्यात त्यांना दोरी अडकवून मी मानकुरादची पेटी मयेहून आणली, एकही आंबा दबला नाही. आमच्या हिला मागे बसायला होंडाच आवडते, कारण आरशात तिला स्वतःचा चेहरा न थरथरता दिसतो. पेट्रोल दोघी पितात: माझ्या हातात होंडाने लिटरला सतरा दिले, कावासाकीने चौदा. टाकी दोघींची २४ लिटर.

बेळगाव, पुणे असं लांब, जोडीने जायचं असेल आणि खिशात पैसे असतील, तर ब्लॅकबर्ड घ्या, तीही इंजेक्शनवाली. हातात पाना धरायची हौस असेल, डिचोलीच्या परिघातच फिरायचं असेल, तर माझ्यासारखे कावासाकीकडे वळाल.

फक्त कागद बघा. आयात केलेल्या गाडीचे कस्टम्सचे कागद नसतील तर फुकट मिळाली तरी नको. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण आलंच, आणि २०२५ पासून २० वर्षांवरच्या आयात दुचाकीला केंद्राने त्याची फी २०,००० रुपये केली आहे. साळगावच्या कावासाकीची मुदत या डिसेंबरात संपते. मालकाला मी व्हॉट्सॲपवर आकडा कळवला. दोन्ही टिका निळ्या झाल्या आहेत, उत्तर अजून आलेलं नाही.