परदेशी एमबीए : अमेरिकेतली दोन वर्षे की युरोपातले एक?

पुण्या-मुंबईत किंवा बेंगळुरूला चार-पाच वर्षे नोकरी केलेला, जीमॅट या प्रवेशपरीक्षेत बरे गुण मिळवलेला आणि अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या व युरोपातल्या साधारण वर्षभराच्या अभ्यासक्रमांपैकी कोठे अर्ज करावा या विचारात असलेला उमेदवार डोळ्यांपुढे ठेवून ही तुलना केली आहे. नुकतीच पदवी घेतलेल्यांनी या वाटेला न जाता मास्टर इन मॅनेजमेंटचा विचार करावा. त्यांचा प्रश्न वेगळा असून तो येथे घेतलेला नाही.

दोन्हींत खरा फरक अभ्यासक्रमाच्या आशयाचा नाही. वित्त, विपणन, संघटनशास्त्र हे विषय अमेरिकेतल्या हार्वर्डला आणि युरोपातल्या इन्सीडला साधारण सारखेच असतात. फरक पडतो तो उन्हाळी इंटर्नशिपमुळे. अमेरिकेत पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्ये दहा-बारा आठवड्यांची इंटर्नशिप असते आणि सल्लागार कंपन्या व गुंतवणूक बँका आपली बरीचशी कायमची भरती याच इंटर्नमधून करतात. सॉफ्टवेअरमधून बँकिंगमध्ये जाऊ पाहणाऱ्याकडे दाखवायला अनुभव नसतो; ही इंटर्नशिपच त्याचा अनुभव ठरते. म्हणून ज्याला क्षेत्र बदलायचे आहे त्याच्यासाठी दुसऱ्या वर्षाचे शुल्क वाया जात नाही, आणि ज्याला आपल्याच क्षेत्रात वरच्या पायरीवर जायचे आहे त्याने ते का भरावे, याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे १९५७ साली सुरू झालेल्या आणि २००० पासून सिंगापूरलाही शिकवणाऱ्या इन्सीडचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा आहे. तेथे प्रवेश जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये असे दोनदा होतात, आणि अनेक अर्जदार यातला फरक लक्षातच घेत नाहीत. जानेवारीच्या तुकडीला मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप करता येते. ऑगस्टची तुकडी सलग शिकून पुढच्या जुलैत बाहेर पडते. क्षेत्र बदलणाऱ्याने ऑगस्टचा प्रवेश केवळ लवकर मिळतो म्हणून घेऊ नये. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांत शेवटच्या टप्प्यात इंटर्नशिपची किंवा प्रकल्पाची सोय असते खरी, परंतु ती पदवीच्या तोंडावर येत असल्याने कायमच्या नोकरीची निवड बहुधा तिच्याशी समांतरच चालू असते. दोन वर्षे आणि एक वर्ष या दोन टोकांच्या मधली जागा लंडन बिझनेस स्कूलचा १५ ते २१ महिन्यांचा आणि एचईसी पॅरिसचा १६ महिन्यांचा अभ्यासक्रम घेतो. वेळेची बचत आणि इंटर्नशिप दोन्ही हवे असणाऱ्यांनी आधी हे दोन पाहावेत.

आता व्हिसाकडे वळू, कारण भारतीय पासपोर्टधारकाच्या बाबतीत अनेकदा निर्णय येथेच होतो. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिन्यांचा ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याचा परवाना, मिळतो; अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात मोडत असेल तर त्यात आणखी २४ महिन्यांची भर पडते. गेल्या काही वर्षांत बऱ्याच बिझनेस स्कूलांनी आपला संपूर्ण एमबीए किंवा त्यातील काही शाखा स्टेममध्ये आणल्या आहेत, मात्र स्कूलचे नाव पाहून तसे गृहीत धरू नये. विद्यार्थी व्हिसासाठी स्कूल देते त्या आय-२० या कागदावर अभ्यासक्रमाच्या नावाशेजारी त्याच्या वर्गीकरणाचा सहा आकड्यांचा सीआयपी क्रमांक छापलेला असतो, उदाहरणार्थ ५२.१३०१ हा मॅनेजमेंट सायन्सचा क्रमांक स्टेमच्या यादीत आहे. प्रवेश स्वीकारण्यापूर्वीच, ‘माझ्या आय-२० वर कोणता क्रमांक येईल’, असे प्रवेश कार्यालयाला ईमेलने लेखी विचारावे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक ६५,००० आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठीच्या २०,००० जागांसाठी अर्ज कितीतरी अधिक येतात आणि त्यांतून दरवर्षी निवड होते, त्यामुळे एका वर्षाचा ओपीटी आणि तीन वर्षांचा ओपीटी यांतला फरक म्हणजे निवडीच्या एक-दोन संधी आणि तीन संधी यांतला फरक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा त्यानंतर सरकारने केला; तरीही त्या एका घोषणेने कंपन्या परदेशी उमेदवारांबाबत हात आखडता घेऊ लागल्या तर नवल नाही.

ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट रूट या व्हिसावर पदवीनंतर दोन वर्षे राहता येते, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ही मुदत १८ महिन्यांवर येणार आहे. विवाहितांसाठी अधिक महत्त्वाचे म्हणजे जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अशा अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना जोडीदाराला आश्रित म्हणून नेता येत नाही. अमेरिकेत जोडीदार बरोबर जाऊ शकतो, मात्र त्या व्हिसावर त्याला नोकरी करता येत नाही. सिंगापूरमध्ये रोजगार परवान्यासाठी सप्टेंबर २०२३ पासून गुणपद्धती लागू असून जानेवारी २०२५ पासून किमान मासिक वेतन ५,६०० सिंगापूर डॉलर आहे. वयाबरोबर ही अट वाढते. जर्मनी या सर्वांत उदार वाटतो: पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने, आणि ब्लू कार्ड हा उच्चशिक्षितांचा नोकरी-परवाना मिळाल्यावर बी१ म्हणजे मध्यम पातळीचे जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा मार्ग. मात्र तेथे शिक्षण फुकट असते हा आपल्याकडचा समज एमबीएला लागू पडत नाही. मानहाइम किंवा बर्लिनचे ईएसएमटी ही बिझनेस स्कूले चांगलेच शुल्क घेतात, जरी ते अमेरिकेच्या मानाने बरेच कमी असले तरी. शिवाय जर्मन भाषा न येता व्यवस्थापनातली नोकरी मिळणे, विशेषतः बर्लिन सोडून इतरत्र, अवघड जाते. गोएथे-इन्स्टिट्यूटच्या पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनात बी१ पूर्ण करूनच निघणाऱ्याचे पारडे तेथे निश्चितपणे जड राहील.

पैशाचा हिशोब मांडताना बहुतेक जण शुल्काची तुलना करतात. तुलना मासिक हप्त्याची करावी. अमेरिकेतल्या अग्रगण्य स्कूलांचे केवळ शिक्षणशुल्क वर्षाला ७५,००० डॉलरच्या वर गेले आहे आणि राहण्या-खाण्यासह दोन वर्षांचा खर्च दोन लाख डॉलर सहज ओलांडतो. इन्सीडचे शुल्क एक लाख युरोच्या आसपास आहे, ऑक्सफर्डचे ८०,००० पौंडांच्या घरात. समजा, साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी ८० लाखांचे कर्ज घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ८ हजार रुपये येतो. दीड कोटीच्या कर्जावर तो दोन लाखांच्या किंचित वर जातो, आणि शिक्षणकाळात साचलेले व्याज यात धरलेलेच नाही. डॉलरमध्ये पगार मिळत असेल तर दुसरा हप्ताही झेपतो. परंतु व्हिसाअभावी परत येऊन मुंबईत वार्षिक ३५ लाखांची नोकरी धरावी लागली, तर पहिल्या हप्त्यात पगाराचा निम्मा भाग जाईल आणि दुसऱ्यात घरभाडेही उरणार नाही. आईवडिलांचा फ्लॅट तारण असेल तर हा प्रश्न त्यांच्याही म्हातारपणाचा होतो. म्हणून परतण्याची शक्यता ज्यांना खरी वाटते त्यांनी, माझ्या मते, शिष्यवृत्तीशिवाय दोन वर्षांचा अमेरिकी अभ्यासक्रम घेऊ नये.

शिष्यवृत्तीबाबत अमेरिका उजवी आहे. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड आर्थिक गरजेनुसार मदत देतात आणि ती परदेशी विद्यार्थ्यांनाही खुली आहे. आपल्याकडे मुंबईतील जे. एन. टाटा एन्डाउमेंट ही १८९२ पासून कर्जरूपाने मदत करणारी संस्था आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, पण तिच्यात एक खाचखळगा आहे. पात्रता क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीवर ठरते, आणि त्या क्रमवारीत विद्यापीठे असतात. इन्सीड किंवा लंडन बिझनेस स्कूल यांसारख्या एकाच विषयाच्या स्वतंत्र संस्था तिच्यात येत नाहीत, त्यामुळे फायनान्शियल टाइम्स या वृत्तपत्राच्या एमबीए यादीत अग्रस्थानी असलेली संस्था शासनाच्या यादीत नसू शकते. फायनान्शियल टाइम्सच्या त्या यादीतले पगारही त्या त्या देशातल्या क्रयशक्तीनुसार जुळवून घेतलेले असतात. तो आकडा हातात पडणारा डॉलर समजू नये.

क्रमवारीपेक्षा स्कूलचा रोजगार अहवाल वाचण्यात वेळ घालवलेला बरा. अनेक अमेरिकी अहवालांत कायम कामाचा परवाना असलेले आणि नसलेले यांचे आकडे वेगळे दिलेले असतात. आपल्याला दुसरा रकाना पाहायचा आहे, मथळ्यातली सरासरी नव्हे. नोकरी मिळालेल्यांची टक्केवारी ‘नोकरी शोधणाऱ्यां’पैकी असते, म्हणजे कंपनीने पाठवलेले आणि स्वतःचा उद्योग काढणारे आधीच वजा झालेले असतात. इन्सीडसारख्या ठिकाणी सल्लागार कंपन्यांतून आलेले आणि तेथेच परतणारे विद्यार्थी बरेच असल्याने, त्या क्षेत्रातल्या भरतीचा मोठा आकडा नवख्याला किती उपयोगी, हे वेगळे विचारून घ्यावे लागते.

अमेरिकी स्कूलांत पहिली फेरी सप्टेंबरात आणि दुसरी जानेवारीच्या सुरुवातीस बंद होते. तिसऱ्या फेरीत शिष्यवृत्तीचा बराचसा पैसा वाटून झालेला असतो आणि आय-२० हाती आल्यावर मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीची तारीख मिळवण्यासाठी वेळ अपुरा पडतो. दुसरी फेरी हुकली, तर तिसऱ्या फेरीत अर्ज करण्याऐवजी इन्सीडच्या पुढच्या जानेवारी तुकडीकडे वळावे.