गुंतवणूक, पायलट की खरेदी करार? हवामान-स्टार्टअपने मोठ्या कंपनीकडे आधी काय मागावं

पोलाद, सिमेंट, बॅटरी किंवा हवेतला कार्बन काढून घेणारी यंत्रणा बनवणाऱ्या स्टार्टअपला मोठी कंपनी साधारण तीन प्रकारे हात देते. एक तर शेअर घेऊन पैसे गुंतवते, नाहीतर आपल्या कारखान्यात पायलट, म्हणजे छोट्या प्रमाणावरची चाचणी, करून बघते, किंवा माल तयार व्हायच्या आधीच तो विकत घ्यायचा करार करते. तिन्हींना ‘भागीदारी’च म्हणतात आणि बातमीतला हस्तांदोलनाचा फोटोही सारखाच असतो. कारखाना उभारायला बँकेकडे कर्ज मागायची वेळ आली की मात्र तिन्हींचं वजन फार वेगळं भरतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: ऊर्जाबचतीचं सॉफ्टवेअर वगैरे असेल तर पायलटपासून सुरुवात ठीक आहे. भट्ट्या आणि यंत्रं उभी करायची असतील, तर आधी खरेदी करारामागे लागा.

पायलट सगळ्यात लवकर मिळतो आणि त्याचंच घोंगडं सगळ्यात जास्त भिजत पडतं. उत्साह इनोव्हेशन टीमकडे असतो, पैसे खरेदी विभागाकडे. चाचणी यशस्वी झाली तरी खरेदी विभाग भाव, हमी आणि पर्यायी पुरवठादार यांचे प्रश्न पहिल्यापासून विचारतो. म्हणून सुरू करण्याआधीच दोन गोष्टी लिहून घ्या: कोणता आकडा गाठला की ऑर्डर मिळणार, आणि त्या ऑर्डरवर सही कोण करणार. फुकट पायलट करू नका. चाचणीत निघालेली मोजमापं कोणाच्या मालकीची, हेही तेव्हाच ठरवा.

गुंतवणुकीचा मोह मोठा, कारण तो पैसा परत करायचा नसतो आणि नावामुळे बाकीचे गुंतवणूकदारही येतात. घोडं पेंड खातं ते अटींमध्ये. अ‍ॅमेझॉनने २०१९ च्या फेब्रुवारीत इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्या रिव्हियनमधल्या ७० कोटी डॉलरच्या गुंतवणूक फेरीचं नेतृत्व केलं आणि त्याच वर्षी एक लाख इलेक्ट्रिक डिलिव्हरी व्हॅनची ऑर्डर जाहीर केली. ऐकायला स्वप्नवत. पण पहिल्या डिलिव्हरीपासून चार वर्षं त्या व्हॅन दुसऱ्या कोणाला विकायच्या नाहीत आणि पुढची दोन वर्षं आधी अ‍ॅमेझॉनला विचारायचं, अशी अटही सोबत होती. ती मक्तेदारी मुदतीआधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये उठली. रिव्हियनकडे इतर गाड्यांचा धंदा होता. एकच उत्पादन असलेल्या छोट्या कंपनीने अशी अट मान्य केली, तर गुंतवणूकदाराच्या सगळ्या स्पर्धकांची दारं एका सहीने बंद होतात.

उलट, जुळलेलं गणितही दिसतं. २०२१ मध्ये पोलाद कंपनी आर्सेलर मित्तलने बॅटरी बनवणाऱ्या फॉर्म एनर्जीत २.५ कोटी डॉलर घातले. फॉर्मची बॅटरी लोखंडावर चालते, त्यामुळे पैशांच्या बरोबरीने त्या बॅटरीसाठी लोखंड पुरवण्यावर एकत्र काम करायचंही ठरलं. गुंतवणूकदाराकडे पैशाखेरीज तुम्हाला लागणारी एखादी वस्तू आहे का, हे त्याचं नाव किती मोठं आहे यापेक्षा आधी पाहावं.

आता खरेदी करार. बँकेचे प्रश्न अगदी साधे असतात: माल कोण घेणार, किती वर्षं, काय भावाने, आणि घेतला नाही तर? स्वीडनच्या एच२ ग्रीन स्टीलने (आताचं नाव स्टेग्रा) सुरुवातीच्या उत्पादनापैकी सुमारे निम्मं पोलाद पाच ते सात वर्षांच्या बंधनकारक करारांनी आधीच विकून ठेवलं होतं. २०२४ च्या सुरुवातीला कंपनीला ४ अब्ज युरोंहून जास्त कर्ज मिळालं, त्यात या करारांचा वाटा मोठा होता.

कार्बन काढून घेण्याच्या क्षेत्रात हेच काम फ्रंटियर ही खरेदीदारांची संस्था करते. स्ट्राइप, अल्फाबेट, शॉपिफाय, मेटा आणि मॅकिन्झी यांनी २०२२ मध्ये ९२.५ कोटी डॉलरची खरेदी कबूल करून ती उभी केली. तिचा चार्म इंडस्ट्रियल या कार्बन काढणाऱ्या कंपनीशी झालेला करार ५.३ कोटी डॉलरचा आहे, २०२४ ते २०३० दरम्यान १,१२,००० टनांसाठी. म्हणजे टनाला साधारण ४७० डॉलर. मेख अशी की अशा करारात पैसे काम पूर्ण झाल्यावर मिळतात. तोपर्यंतचा खर्च दुसरीकडून उभा करावा लागतो, आणि शेअर विकून आलेला पैसा खरा इथे कामाला येतो.

करार झाला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. स्वीडनच्या बॅटरी कंपनी नॉर्थव्होल्टकडे फोक्सवॅगनसारखा मोठा भागीदार होता, मोठमोठ्या ऑर्डरी होत्या, जानेवारी २०२४ मध्ये ५ अब्ज डॉलरचं हरित कर्जही जाहीर झालं होतं. उत्पादन मात्र वेळेवर वाढेना. जूनमध्ये बीएमडब्ल्यूची २ अब्ज युरोंची ऑर्डर गेली आणि मार्च २०२५ मध्ये स्वीडनमध्ये दिवाळखोरी.

कर्जाबद्दल थोडक्यात. हरित कर्ज ठरलेल्या हरित कामासाठीच वापरायचं असतं. दुसऱ्या प्रकारात व्याजदर पर्यावरणाच्या उद्दिष्टाला बांधलेला असतो. २०१७ मध्ये फिलिप्सने १ अब्ज युरोंची अशी पतसुविधा घेतली. हा प्रकार सहसा स्टार्टअपच्या वाट्याला येत नाही, पण ग्राहकाने घेतलेला असू शकतो. इटलीची वीज कंपनी एनेलचं २०२३ चं उद्दिष्ट दर युनिट विजेमागे १४८ ग्रॅम उत्सर्जनाचं होतं. ते १६० वर राहिलं आणि त्याला बांधलेल्या रोख्यांवरचं व्याज पाव टक्क्याने वाढलं. तुमच्या ग्राहकावर असं काही कर्ज असेल, तर तुमचा माल त्याच्या पर्यावरण विभागाबरोबर वित्त विभागालाही दाखवा. उत्सर्जन घटलं तर व्याज किती वाचेल, हा हिशेब तिथे लगेच कळतो.

बोलणी करताना पहिली मागणी ‘घ्या, नाहीतर पैसे भरा’ अशा करारासाठी करा. ग्राहक तिथवर यायला तयार नसेल, तर किमान प्रमाण आणि भावाचं सूत्र तरी मिळवा. ‘घ्यायचा विचार आहे’ असं नुसतं बंधन नसलेलं पत्र बँकेत फारसं चालत नाही. आणि शेवटी गुंतवणूकच पदरात पडली, तर मक्तेदारीची अट एका वापरापुरती आणि एका वर्षापुरती ठेवा. ठरलेली किमान खरेदी झाली नाही तर ती अट आपोआप रद्द व्हावी, हेही त्याच कलमात लिहून घ्या.