‘काही नाही, जाऊ दे’ : टिळकवाडीतील एका श्रवणयंत्र केंद्राचा अनुभव

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी चार यंत्रमाग होते आणि त्यांच्या खडखडाटात आप्पांची पस्तीस वर्षे गेली, त्यामुळे सत्तरी ओलांडल्यावर त्यांना कमी ऐकू येऊ लागले याचे कोणालाच नवल वाटले नाही. नवल वाटले ते टिळकवाडीतील श्रवणयंत्र केंद्रात, कारण तिथल्या तपासणी करणाऱ्या बाईंनी आप्पांच्या कानांइतकीच आमच्या बोलण्याचीही झडती घेतली. गेल्या सहा महिन्यांत आम्ही तिथे पाच खेपा घातल्या. काही तक्रारीही लिहिणार असल्याने केंद्राचे नाव देत नाही.

पहिली तक्रार दारातलीच आहे. नोंद करणाऱ्या तरुणाने आप्पा समोर बसलेले असताना मला विचारले, “यांचं वय किती? यांना साखर आहे काय?” आप्पा म्हणाले, “मी इथंच बसलोय की ओ.” तो हसला आणि पुढचा प्रश्नही त्याने मलाच विचारला. बहिरेपणाचे माहीत नाही, पण बहिऱ्या माणसाला वगळून बोलण्याची ही सवय कानांवर उपचार करणाऱ्या जागीच भेटावी, हे खटकले.

आतला अनुभव मात्र वेगळा होता. आवाज आत न येणाऱ्या छोट्या खोलीत आप्पांना बसवून, कानाला हेडफोन लावून, २५० पासून ८००० हर्ट्‌झपर्यंतचे (आकडा जितका मोठा तितका सूर बारीक) सूर एकेक करून ऐकवले गेले. कोणता सूर किती ऐकू येतो हे दाखवणाऱ्या आलेखाची रेघ ४००० हर्ट्‌झपाशी खोल उतरली होती. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम केलेल्यांच्या कानांत हा खळगा बऱ्याचदा आढळतो, असे बाईंनी सांगितले. शब्दांच्या तपासणीपूर्वी त्यांनी “घरात कन्नड बोलता की मराठी?” असे विचारून घेतले, हे मला फार महत्त्वाचे वाटले. सूतवाल्यांशी आप्पांचा सारा व्यवहार कन्नडमध्ये झाला असला तरी घरातले ऐकणे मराठीत आहे, आणि अडचण घरातच होती. स, श, फ, थ यांसारखे बारीक ध्वनी निसटतात आणि स्वर तेवढे पोचतात. म्हणून कोणीतरी बोलते आहे हे त्यांना कळते, काय बोलते आहे ते कळत नाही. दुधाचे साठ रुपये त्यांना आठ ऐकू येत होते आणि आम्ही मात्र आप्पा पैशाला चिकट झाले असे समजत होतो.

त्यानंतर बाईंनी माझ्या पत्नीला विचारले, “त्यांना ऐकू आलं नाही तर तुम्ही काय म्हणता?” ती गप्प राहिली. उत्तर आप्पांनीच दिले, “काही नाही, जाऊ दे, म्हणतात.” मग बाईंनी हातातली फाइल तोंडासमोर धरून एक शब्द उच्चारला, तो आप्पांना कळला नाही, फाइल बाजूला करून तोच शब्द तेवढ्याच आवाजात उच्चारला, तो कळला. ओरडल्याने शब्द फाटतो, चेहरा रागावलेला दिसतो आणि अशा कानांना मोठा आवाज बोचतोही, असे त्यांनी समजावले. आधी हाक मारावी, समोर उजेडात यावे, आणि एकदा न कळलेले वाक्य तसेच तिसऱ्यांदा न म्हणता शब्द बदलून सांगावे. आप्पांनाही त्यांनी सोडले नाही: न ऐकता “हो हो” म्हणू नका, जेवढे कळले तेवढे म्हणून दाखवा. “दुधाचे किती म्हणालीस?” असे विचारले की समोरच्याला फक्त आकडा सांगावा लागतो, आणि चिडायला निमित्त उरत नाही.

यंत्राविषयी थोडक्यात. कानामागे बसणारी डिजिटल जोडी आम्हाला अठ्ठेचाळीस हजारांना पडली. पहिल्या आठवड्यात भांड्यांचा आवाज असह्य झाला, तो दुसऱ्या खेपेला संगणकावर कमी करून मिळाला. तेरा नंबरचा नारिंगी पट्टीचा सेल लागतो. पट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यावी आणि मगच बसवावा. पट्टी एकदा काढली की यंत्र बंद असले तरी सेल उतरत राहतो, हे मात्र आम्हाला चार सेल वाया गेल्यावर समजले. विकतानाच सांगायला हवे होते. बेळगावच्या पावसाळ्यात यंत्र रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवणे भाग आहे आणि ती डबीही मागितल्यावरच मिळाली.

तपासणी आणि सल्ला यांसाठी मी हे केंद्र निःशंकपणे सुचवीन, नोंदणीच्या टेबलासाठी नाही. जाताना घरात ज्यांचे त्या व्यक्तीशी बोलणे होते त्या सर्वांना सोबत न्यावे. आम्ही नातवाला नेले नव्हते; तो अजूनही पाठ फिरवून, मोबाइलकडे बघत “आजोबा, चहा” म्हणतो, आणि चहा निवून जातो.