प्लांटनेट: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

वारशाने आलेलं झाड ओळखायला प्लांटनेट हे फोटोवरून झाडाचं नाव सांगणारं अ‍ॅप घेत असाल तर एक गोष्ट आधीच सांगते, नुसत्या पानावरून निकाल मागू नका.

आमची गोरेगावची आत्या गेली, तिची बैठी चाळ पुनर्विकासात गेली आणि अंगणातल्या कुंड्या आम्ही भावंडांनी वाटून घेतल्या. माझ्या वाट्याच्या कुंडीत नुसती माती होती. पाऊस लागल्यावर जमिनीलगत पानं आली. वरून हिरवी, मधोमध रुपेरी नक्षी, खालून जांभळी. एका दुसऱ्या अ‍ॅपने लगेच 'कलाथिया' (नक्षीदार पानांचं शोभेचं झाड) सांगून टाकलं. प्लांटनेटने तीन-चार नावं दाखवली, पण एकाच्याही पुढे जुळण्याची मोठी टक्केवारी नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. फोटो पानाचा आहे की फुलाचा, फळाचा की खोडाचा, हे इथे वेगळं नोंदवता येतं आणि प्रत्येक नावाखाली इतरांनी काढलेले फोटो असतात. खरं काम ते फोटो ताडून बघण्यातच आहे.

कलाथियाच्या कुळात देठ पानाला मिळतो तिथे जरासा फुगीर सांधा असतो. इथे तो नव्हता. कुंडी बदलताना कंदाचा तुकडा मोडला, त्याला आल्याच्या जातीचा वास. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गेली. घरचे म्हणाले, मेलंय, टाकून दे. मी पाणी जवळपास बंद केलं आणि कुंडी सावलीत सरकवली. कलाथिया समजून हिवाळाभर पाणी घातलं असतं, तर कंद नक्की कुजला असता. नाव बरोबर कळायला हवं ते यासाठी.

एप्रिलमध्ये कोरड्या मातीतून थेट फूल वर आलं, आजूबाजूला पानाचा पत्ता नाही. वर दोन पांढऱ्या पाकळ्या, खाली दोन जांभळ्या, गोडसर वास. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळपर्यंत मलूल होतं, त्यामुळे फोटो सकाळीच काढा. 'फूल' म्हणून टाकल्यावर पहिलंच नाव आलं केम्फेरिया रोटुंडा, म्हणजे आपला भुईचाफा. पावसाळ्यातले पानांचे फोटोही त्याच्याशी तंतोतंत जुळले.

अ‍ॅप फुकट आहे. निगा कशी राखायची ते मात्र त्यात मिळत नाही, त्यासाठी जवळच्या नर्सरीतल्या माळीकाकांना विचारा. मला त्यांनी सांगितलं, फुलं संपली की पावसाआधी कंद सुटे करून लावा आणि कुंडीत पाणी तुंबू देऊ नका.