झूपिक: आठ महिने, एक व्हर्केटर आणि एक फसवं शिखर

गणपतीच्या सुट्टीत लॅपटॉपवर झूपिक चढवलं, आता वैशाख लागलाय. एवढ्या दिवसांत त्यावर एकच उपकरण धरून बसलो: अक्षीय व्हर्केटर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोतातून मायक्रोवेव्ह काढणारी नळी. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काली-५००० या इलेक्ट्रॉन-झोताच्या यंत्रावर व्हर्केटरचे प्रयोग झालेत. त्यांबद्दल वाचता वाचताच हे खूळ डोक्यात शिरलं.

झूपिक हे बर्कलीच्या प्लाझ्मा गटातलं पार्टिकल-इन-सेल सॉफ्टवेअर, म्हणजे जागेचे कप्पे पाडून त्यांत प्रभारित कण पावलापावलाने पळवणारं. त्याची ओळख करून देणारा व्हर्बॉनकूर, लँग्डन आणि ग्लॅड यांचा निबंध १९९५ चा, त्यावरून वय समजून घ्या. द्विमितीय आहे, फुकट आहे आणि दिसायला नव्वदच्या दशकातलंच आहे. चढवण्यात माझे दोन रविवार गेले. एक्स-विंडो, टीसीएल, एक्सग्राफिक्स ही भावंडं आधी नांदती करावी लागतात, आणि आजचा कंपायलर तेव्हाच्या सी-प्लस-प्लसवर कुरकुरतो. लिनक्सशी ज्यांचं जमत नाही त्यांनी इथूनच परत फिरावं.

एकदा चाललं की मात्र मजा येते. चित्र काढायची भानगड नाही. ग्रिड, भिंती, कण, झोत, सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं. भूमितीपुढे ० लिहिलं की दंडगोल, १ लिहिलं की सपाट. हा एक आकडा चुकल्यामुळे मी दोन दिवस सपाट व्हर्केटर पळवत होतो आणि आकडे जुळत का नाहीत म्हणून डोकं खाजवत होतो.

माझी नळी ६ सेंमी त्रिज्येची, झोत भरीव, ३ सेंमी त्रिज्येचा, ५०० किलोव्होल्टचा. नळीतून जास्तीत जास्त किती प्रवाह जाऊ शकतो याच्या सूत्रात घालून बघितलं तर अशा नळीतून फार तर ३.१ किलोअँपिअर सुखरूप पार होतात. मी ॲनोडच्या भिंतीतून १० सोडले. जास्तीचे इलेक्ट्रॉन थोडं पुढे जाऊन तुंबतात, ऋण प्रभाराचा ढीग होतो आणि तो मागून येणाऱ्यांना परत पाठवतो. हाच आभासी कॅथोड. तो स्वतः पुढेमागे हेलकावतो, त्याच्या आणि ॲनोडच्या मध्ये अडकलेले इलेक्ट्रॉन येरझाऱ्या घालतात, आणि मायक्रोवेव्ह निघतात त्या या दोन्हींतून. झूपिकमध्ये अंतर आणि वेगाचा आलेख सिम्युलेशन चालू असतानाच हलताना दिसतो. कणांची रांग वाकून शून्याखाली उतरते तो क्षण मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. कोणी फारसं भारावलं नाही.

ग्रिड ०.५ मिमीचं घेतलं तर वेळेचं पाऊल १.१८ पिकोसेकंदांच्या आत ठेवावं लागतं, नाहीतर गणितच फुटतं. मी १ ठेवलं. म्हणजे २० नॅनोसेकंदांना २०,००० पावलं. १० किलोअँपिअरच्या झोतात दर पावलाला ६२ अब्ज इलेक्ट्रॉन आत येतात, म्हणून एका संगणकी कणामागे खरे इलेक्ट्रॉन किती हे ठरवावं लागतं. १० कोटी ठेवले तर दर पावलाला सहाशेच्या वर कण आत येतात आणि लॅपटॉप बिचारा निभावून नेतो. कंजूषपणा करून हा आकडा वाढवला की अक्षाजवळ खरखर वाढते, कारण तिथल्या कप्प्यांचं घनफळच चिमूटभर असतं.

आता फसवं शिखर. तिसऱ्या महिन्यात मायक्रोवेव्हच्या वर्णपटात, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे त्या आलेखात, एक सुरेख टोकदार शिखर मिळालं आणि मी आठवडाभर हवेत होतो. मग प्रवाह १० वरून ८ केला. व्हर्केटरची वारंवारता झोताच्या प्लाझ्मा-वारंवारतेमागे जाते आणि ती इलेक्ट्रॉनच्या घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, तेव्हा शिखर ढोबळ मानाने दहा टक्के खाली यायला हवं होतं. ते ढिम्म हललं नाही. नळी ४० सेंमीवरून ३७ वर आणली, तर लगेच सरकलं! नळीचं दुसरं टोक मी धातूचंच ठेवलं होतं. लाटा आतल्या आत आपटत होत्या, आणि मी बंद डब्याचा नाद व्हर्केटरचा म्हणून मिरवत होतो. आता त्या टोकाला एक्झिटपोर्ट, म्हणजे लाटा बाहेर जाऊ देणारी सीमा, लावतो. त्याला एकच इम्पीडन्स (लाटेला होणारा विरोध) देता येतो, त्यामुळे कट-ऑफजवळच्या, म्हणजे ज्या वारंवारतेखाली लाट नळीतून वाहतच नाही तिच्या आसपासच्या, लाटा थोड्या परततातच. म्हणून लांबी बदलून पाहिल्याशिवाय कोणत्याही शिखराची वारंवारता वहीत उतरवत नाही.

निघालेल्या शक्तीच्या आकड्यावर तर माझा अजिबात विश्वास नाही. प्रत्यक्षात व्हर्केटरची कार्यक्षमता काही टक्क्यांचीच असते, आणि माझ्या फाइलमध्ये कॅथोडवरचा प्लाझ्मा मुळातच नाही. तो सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात २ सेंमी सरकतो असं धरलं, तर १०० नॅनोसेकंदांच्या स्पंदात २ मिमी अंतर खाऊन टाकतो, आणि डायोडची, म्हणजे कॅथोड आणि ॲनोडमधली, फट १५ मिमीची असेल तर हे थोडं नाही. शिवाय अक्षाभोवती सगळं सारखं आहे असं धरल्यावर झोत फक्त टीएम-०१, टीएम-०२ अशाच, अक्षाभोवती सारख्या असणाऱ्या लाटा उठवतो. माझ्या नळीत टीएम-०१ चा कट-ऑफ १.९१ गिगाहर्ट्झ. टीई-११ ही अक्षाभोवती सारखी नसलेली लाट त्याच्याही खाली, १.४६ पासूनच वाहू शकते. खऱ्या यंत्रात झोत जरा वाकडा असला की ती उठेल. इथे ती कधीच दिसणार नाही.

व्हर्केटर किंवा साधा क्लिस्ट्रॉन (हीही झोतावर चालणारी मायक्रोवेव्ह-नळीच) समजून घ्यायचा असेल तर झूपिक बिनधास्त घ्या. नागमोडी भिंतीचा बॅकवर्ड-वेव्ह ऑसिलेटर, हा आणखी एक मायक्रोवेव्ह-जनक, तोही होतो, फक्त भिंत पायऱ्यापायऱ्यांची होते, म्हणून ग्रिड बारीक करून दोनदा चालवा. मॅग्नेट्रॉन डोक्यात असेल तर या वाटेला जाऊ नका. एमआयटीच्या ए-६ या मॅग्नेट्रॉनचे सहा कप्पे कॅथोडभोवती वर्तुळात मांडलेले, आणि त्यांतले इलेक्ट्रॉनचे चाकासारखे आरे फिरताना बघायचे तर त्रिज्या आणि कोनाचं प्रतल हवं. इथल्या दंडगोलात त्रिज्या आणि लांबी एवढंच मिळतं.