पिठल्याला पाच तारे, शिबिराला शून्य

तीन दिवसांचं निवासी शिबिर, ३,५०० रुपये. पिठलं-भाकरी फक्कड, गाद्याही स्वच्छ. बाबांना जाऊन जेमतेम महिना झालेला. पहिल्याच आरतीला मला हुंदका फुटला. सेवेकरी ताई कानाशी आल्या, "रडताय कशाला? गुरूंवर भरवसा नाही का?" रात्री वहीत लिहायचं, आज किती वेळा राग आला, किती वेळा रडू. आणि सकाळी ती वही सगळ्यांसमोर वाचतात! माझे चार हुंदके वाचले गेले.

कोरियन धर्मगुरू सन म्युंग मून यांच्या पंथातून १९७६ साली बाहेर पडलेले अमेरिकन लेखक स्टीव्हन हसन असे पंथ माणसावर मिळवतात त्या ताब्याचे चार प्रकार सांगतात: वर्तन, माहिती, विचार, भावना. मला चौथा तीन दिवसांत कळला.

घरी येऊन बाबांचा स्वेटर काढला, पोटभर रडले. वही मात्र त्यांनी ठेवून घेतलीय.