प्रचाराचा बॅनर: चौकातल्या खांबावर की खाजगी गॅलरीत?
इलेक्शन आलं की कार्यकर्ते आधी चौकातला विजेचा खांब बघतात, गर्दीच्या नजरेत येतो ना, पण आचारसंहिता लागली की खांब, पूल, एसटी स्टँडवरचं सगळं 48 तासांत उतरवावं लागतं, सरकारी इमारतीवरचं तर 24 तासांतच, शिवाय 1995 च्या विद्रूपीकरण कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो तो वेगळाच.

खाजगी जागेला मालकाची राजीखुशीची लेखी संमती लागते, खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरतात, कटकट आहेच, तरी मला हाच मार्ग पटतो, रस्त्यावरचा सिग्नल तरी झाकला जात नाही. फक्त भिंत रंगवू नका, सहज काढता येईल असाच बॅनर लावा. आणि पोस्टर कुठलंही असो, त्यावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच.